कोंबडाव्रताचं उद्यापन

आमच्या गल्लीत कोंबडा संध्याकाळी आरवतो. पाहुणे दचकतात. नवीन भाडेकरू घड्याळ कानाला लावून बघतात. मेहरूण तलावावर फिरायला गेलेली माणसं परत येताना आमच्या गल्लीपाशी थबकतात आणि आपण फिरायला निघालो होतो की झोपेतून उठलो होतो, असा चेहरा करतात. आम्हाला सवय झाली आहे.

पहिला कोंबडा बेबाक्काचा.

बेबाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. माहेर-सासर दोन्ही वरणगावच्या बाजूचं, केळीबागेवाली माणसं. नवरा जीवरामभाऊ गेले, मुलगा कुंदन नोकरीसाठी जळगावात आला, त्याच्यामागे बेबाक्काही आली. येताना लाकडाची मोठी बडगी घेऊन आली. बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायची परात. सून चारुलता म्हणाली होती, "आई, घरात मिक्सर आहे." बेबाक्का म्हणाली, "मिक्सरात चटनी होते. भरीत होत नही."

तेव्हापासून चंपाषष्ठीला गल्लीचं भरीत बेबाक्काच्या हातचं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळक्या काड्या, पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची आणि बेबाक्कानं मुसळ हातात घ्यायचं. दुसऱ्या कुणी मुसळाला हात लावला तर ती एवढंच म्हणायची, "माय, तू पुऱ्या लाट."

मी वांगं खात नाही. आम्हा जैनांत ते बहुबीज म्हणून वर्ज्य आहे. कांदा, लसूण, बटाटा तर नाहीच. पहिल्या वर्षी मी नुसती पुरी घेऊन कडेला बसले, तर ते तिच्या जिवाला लागलं. दुसऱ्या वर्षापासून ती माझ्यासाठी वेगळा जाळ करते. त्यात कच्ची केळी भाजते, माझ्याच पातेल्यात ठेचते, जिरं-मिरची घालते. आणि जाळ पेटवायच्या आधी एकेक पऱ्हाटी उचलून हातावर आपटते, मुंगी असली तर पडून जावी म्हणून. गल्लीतली धुरपदाक्का तिला चिडवते, "बेबे, मुंग्यायचं आधार कार्डबी पाहून घे." पण बेबाक्का आपटायची काही थांबत नाही.

तर गेल्या वर्षी ही बेबाक्का वाळत चालली. अंगावरचं लुगडं वाळत घातल्यासारखं दिसायचं. ताप यायचा, तोंडाला चव नाही, खोकला जाईना. गल्लीनं उपायांत कसूर केली नाही. धुरपदाक्कानं मीठ-मोहरीनं नजर काढली. कौतिकाबाईनं कारल्याचा रस पाजला. मी आयंबिल सुचवलं. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल-तूप-मीठ काही न घालता. बेबाक्का म्हणाली, "चंद्राक्का, मी जेवतच नही. त्यातलं मीठ कुठून काढू?"

डॉक्टरांनीही सगळं तपासलं. साखर, थायरॉईड, छाती, पोट. एकच तपासायचं राहिलं, कारण पासष्टी ओलांडलेल्या विधवा बाईच्या बाबतीत ते कुणाच्या मनातच आलं नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं तेही तपासलं.

मग चमत्कार झाल्यासारखं झालं. बेबाक्का भाकरी मागायला लागली. गाल भरले. चोळीच्या शिवणी उसवाव्या लागल्या. आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, तिच्या कमरेच्या बटव्यातून कोंबडा आरवू लागला.

तो मोबाइलमधला कोंबडा होता. चारुलतानं लावून दिलेला. साधी घंटी बेबाक्काला ऐकू यायची, पण ती तिला शेजारच्यांची वाटायची. कोंबड्याला मात्र ती उभ्या जन्मात कधी चुकली नव्हती. कोंबडा आरवला की बेबाक्का हातातलं टाकून उठायची. पापड अर्धा लाटलेला असो, कुणाची निंदा अर्धी झालेली असो, ती आत जायची, दार लावायची आणि थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर यायची.

मला कळलं ते असं. ती माझ्याकडे मुगाचे पापड लाटायला आली होती आणि कोंबडा आरवला. मी वाकून पलंगाखाली बघू लागले. बेबाक्कानं बटव्यातून गोळी काढली आणि पाणी मागितलं. मी माझं उकळलेलं पाणी दिलं.

"कसली गोळी?" मी विचारलं.

तिनं आधी गोळी गिळली. "चंद्राक्का, तुमचा खोटं न बोलायचा नेम आहे ना?"

"आहे."

"मंग मीबी तुमच्याशी खोटं नही बोलत." आणि तिनं सांगितलं. एचआयव्ही म्हणतात ते. आयुष्यभर रोज एक गोळी, ठरल्या वेळेला, चुकवायची नाही. घेतली की माणूस धड राहतो, नाही घेतली की वाळतो.

माझ्या हातातली लाटी वाळून गेली.

"कुठून आलं?" मी शेवटी विचारलं.

"काय माहीत. ह्यायच्यापासून असंन, नहीतर एखाद्या सुईपासून असंन. पावना दारात येऊन बसला, चहा पिऊन झाला, आता त्याले 'तू कोन्या गावचा' इचारून काय उपेग?" मग ती एकदम हसायला लागली. "दवाखान्यात एक पोरगी आहे, समजावून सांगनारी. फार गोड. तिनं मले समोर बसवलं आन् खनातून लाकडाचं एक काढलं व. म्हने, आजी, हे असं घालायचं असते. मी म्हटलं, माय, लाटनं आत ठेव, मले सैपाक येते."

मी मुँहपत्ती, म्हणजे आमची कापडी पट्टी, तोंडावर धरली. ती बारीक जीव वाचावेत म्हणून असते. त्या दिवशी माझी अब्रू वाचवायला कामी आली.

हसून झाल्यावर बेबाक्काचे डोळे मात्र भरले. "कुंदन-चारू चांगले आहेत. एका ताटात जेवतात माह्यासंगं. डॉक्टरबी म्हने, हातानं लागत नही, जेवनानं लागत नही. पन गल्लीले कोन सांगीन? गल्लीले कयलं ना चंद्राक्का, तर चंपाषष्ठीले मुसळ हातात देनार नहीत मले. 'बस माय, तू आराम कर' म्हनतीन. गोड बोलूनच म्हनतीन. पन मी तशी बसली ना, तर त्या बिमारीनं नही मरनार, बसूनच मरन."

मी तिचा हात धरला. पिठानं माखलेला होता, माझाही.

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही," मी म्हटलं.

"म्हनून तं तुम्हाले सांगितलं. तुमच्या पोटात गेलं का उकळून जाते. जितं काही बाहेर येत नही."

आता खरी अडचण माझी सुरू झाली. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही. ही वाट किती अरुंद असते ते तिच्यावरून चालल्याशिवाय कळत नाही.

धुरपदाबाई आमच्या भजनी मंडळाची प्रमुख. आवाज असा, की तिनं टाळ न घेता भजन म्हटलं तरी टाळ ऐकू आल्यासारखा वाटतो. मनानं फार चांगली, पण तिच्या नकळत गल्लीत पालीनंही चुकचुकू नये अशी तिची इच्छा. एका संध्याकाळी ओट्यावर सगळ्या बसलेल्या, कोंबडा आरवला, बेबाक्का उठून आत गेली. बाहेर आली तशी धुरपदाक्कानं तिला धरलं.

"बेबे, काय करून रायली व तू आत? रोज कोंबडा, रोज दार. आन् गाल पाहा, लाडूसारखे. काही व्रत आहे का?"

बेबाक्का गांगरली. तिच्या तोंडून निघालं, "सांगायचं नसते माय."

संपलं. व्रत सांगितलं की त्याचं फळ जातं, हे सगळ्यांना ठाऊक. सगळ्या जणी एकदम माझ्याकडे वळल्या. कारण गल्लीत व्रताचं काही अडलं की माझ्याकडे येतात. माझी नवकारसी, सामायिक, चौविहार, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्नपाणी बंद, हे सगळं त्यांनी बघितलेलं.

"चंद्राक्का, तुम्हाले माहीत असंन. कोंबड्याचं व्रत असते का?"

मी दोन बोटं ओठांवर ठेवली आणि तिथल्या तिथे मौनाचं पचक्खाण घेतलं. म्हणजे मनात नियम धरला, की आता सूर्यास्तापर्यंत बोलायचं नाही.

माझ्या मते हा मोठा शहाणपणा होता. पण धुरपदाक्कानं छातीवर हात ठेवला. "बाप्पा! चंद्राक्काची वाचा बसली! लय मोठं व्रत दिसते!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत दोन कोंबडे आरवले. आठवड्याभरात मला मोजता येईनात. प्रत्येकीनं नातवाला नाहीतर सुनेला धरून मोबाइलमध्ये कोंबडा बसवून घेतला होता. कौतिकाबाईला कोंबडा सापडला नाही, तिनं मोर लावला. त्यावर, मोरानं व्रत फळतं का, म्हणून दोन दिवस वाद चालला.

कोंबडा आरवला की सगळ्या उठायच्या, आत जायच्या, दार लावायच्या. पण आत जाऊन काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी रामनाम घेई, कुणी देवाला अगरबत्ती लावी, कुणी नुसतीच दाराला पाठ लावून उभी राही आणि इतर जणी किती वेळानं बाहेर येतात याचा कानोसा घेई. बेबाक्का तोंड पुसत बाहेर येते, म्हणजे आत काहीतरी खायचं असतं, असा धुरपदाक्कानं शोध लावला. तिनं पेढा ठरवला. मग नियम वाढत गेले: पूर्वेला तोंड हवं, डाव्या हातानं कडी लावायची, बाहेर येताना नवऱ्याकडे बघायचं नाही. हा शेवटचा नियम सर्वांना फार आवडला.

पुरुषांचे हाल झाले. आमचे शेठ दुकानातून आले की चहा ठेवायला कुणी नसे, सून पुढच्या घरच्या सासूला कोंबडा लावून द्यायला गेलेली आणि मी मौनात. कारण धुरपदाक्का मला रोज विचारायची आणि मी रोज मौन घ्यायची. शेठ गल्लीतल्या पुरुषांना म्हणाले, "लग्नात पंडितजींनी संसारात शांती लाभेल म्हणून सांगितलं होतं. उशीर झाला, पण माणूस खोटा नव्हता."

सर्वात जास्त बिघडला तो तोतारामचा कोंबडा. तोताराम रिक्षावाला गल्लीच्या टोकाला राहतो. त्याच्याकडे खरा, पिसांचा, तुऱ्याचा कोंबडा आहे. संध्याकाळी चहूकडून एवढे कोंबडे ललकारायला लागल्यावर त्याला गप्प बसवेना. सगळ्यांना उत्तरं देऊन देऊन त्याचा गळा बसला आणि पहाटे तो उठेनासा झाला. तोतारामची भुसावळच्या गाडीची सकाळची सवारी चुकली. तो माझ्या दारात येऊन हात जोडून म्हणाला, "चंद्राक्का, तुमचा त्या मंडळात वट आहे. माह्या कोंबड्याले तरी या व्रतातून सोडवा."

मी त्याच्याकडे करुणेनं बघितलं. मौनात तेवढंच करता येतं.

मग व्रत धुळ्याला गेलं. धुरपदाक्काची लेक धुळ्यात दिलेली. तिच्या सासूचा फोन आला, तो धुरपदाक्कानं ओट्यावर सगळ्यांना ऐकवला. "विहीणबाई, आमनी गल्लीमा बठ्ठ्या बाया करी राह्यन्यात. पन उद्यापन कसं शे, ते सांगा ना!" बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

उद्यापनाचा विचार कुणीच केला नव्हता. व्रत धरलं की कधीतरी ते विधीनं सोडावं लागतं, नाहीतर ते अंगावर राहतं. सगळ्यांनी बेबाक्काकडे बघितलं.

"ह्याचं उद्यापन नसते," बेबाक्का पुटपुटली.

"असं कसं? सोया सोमवारायचं असते, संतोषीचं असते. ह्याचं कसं नसते?" धुरपदाक्कानं मांडीवर थाप मारली. "मी सांगते. येत्या चंपाषष्ठीले. आपलं भरीत असतेच. बेबीनं पहिला घास द्यायचा, आन् आत दाराआड काय करायचं ते सर्व्यायले सांगून टाकायचं. उद्यापनाले सांगितलं तर फळ जात नही."

त्या संध्याकाळी गच्चीच्या भिंतीवरून बेबाक्का मला म्हणाली, "चंद्राक्का, मी चंपाषष्ठीले वरनगावले निंघून जाते. बडगी तुमच्याकडे ठेवा."

"आणि केळी कोण भाजणार माझी?" मी म्हटलं. तिनं बडगी काही दिली नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी मी उठल्या उठल्या सूर्यास्तापर्यंतचं मौन घेऊन टाकलं. म्हटलं, आज धोका नको.

दुपार कलल्यावर प्लॉटवर जाळ पेटला. वांगी तडतडू लागली. बेबाक्कानं आधी माझी वेगळी चूल केली, पऱ्हाट्या आपटून आपटून लावल्या, केळी आत सरकवली. मग बडगीपाशी बसून मुसळ हातात घेतलं. तिच्या हातांना लय आली आणि तिचा चेहरा मोकळा झाला. पोरी पुऱ्या लाटत होत्या, चारुलता तळत होती. धुरपदाक्का सगळ्यांना सूचना देत उभी होती, आणि देता देता गोल फिरून मिरच्यांच्या टोपलीवर बसली.

"धुरपदे!" बेबाक्का मुसळ टाकून धावली.

"काही नही व. डोये फिरले. चार-आठ दिसांपासून असंच होऊन रायलं. पानीच पानी पिते मी."

कौतिकाबाईनं साखरेचा डबा उघडला. "हिची शुगर कमी झाली असंन. तोंडात घाला."

"थांब!" बेबाक्कानं तिचा हात धरला. "धुरपदे, तुह्यी शुगरची गोयी घेतली का आज?"

धुरपदाक्कानं मोठ्या अभिमानानं मान हलवली. "सोडली व मी. व्रत धरलं तवापासून सोडली. रोज पेढा खाते. तूबी कुठी गोयी घेते? व्रतानंच तर बरी झाली ना तू!"

कुंदन गाडी काढायला पळाला.

"अगं येडे," बेबाक्का म्हणाली, "माह्यं व्रत नही ते. गोयी आहे. मी आत जाऊन गोयी घेते."

"कायची?"

"बीपीची," बेबाक्का म्हणाली. मी डोळे मिटले.

"हॅट्!" मिरच्यांवर बसूनसुद्धा धुरपदाक्काचा आवाज कमी झाला नव्हता. "बीपीच्या गोयीनं कुठी असे गाल येतात? मीबी खात होती ना बीपीची. माह्ये कुठी आले? खोटं बोलते. व्रत लपवून रायली. मी नही घेत गोयी आन् नही बसत गाडीत."

बेबाक्कानं एकदा बडगीकडे बघितलं. अर्धवट ठेचलेल्या वांग्यांतून वाफ निघत होती. मग ती धुरपदाक्काच्या समोर जमिनीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एचआयव्हीची गोयी आहे ती. ज्याले लोक एड्स-एड्स म्हनतात, त्याची. रोज घ्या लागते, चुकवून चालत नही, म्हनून कोंबडा लावला. व्रत तुम्ही केलं त्याचं, मी नही. मी गोयीनं जगली धुरपदे. गोयी सोडली असती तर कधीच वर गेली असती. आता बस गाडीत."

पुरी लाटणारे हात थांबले. कढईतली एक पुरी फुगली, तांबडी झाली, काळी झाली, कुणी काढली नाही.

मग कौतिकाबाई हळूच म्हणाली, "मले आज जेवता येनार नही व. माह्या सोमवार आहे."

"माह्याबी," दुसरी म्हणाली.

"माही चतुर्थी," तिसरी.

तो गुरुवार होता. षष्ठी होती.

बेबाक्का उठली. तिनं मुसळ उचललं, पदरानं पुसलं आणि बडगीवर आडवं ठेवलं. जसं आपण आटोपल्यावर ठेवतो तसं.

मी आयुष्यभर उपास केले. खरे केले. उपासाचा असा उपयोग होताना मात्र पहिल्यांदाच बघितला. बोलावं असं फार वाटलं, पण मौन होतं. आणि सूर्य समोरच्या लिंबाच्या झाडाच्या फांद्यांत उतरला होता. तो मावळला की मला खाताही येणार नव्हतं.

मी उठले. माझी वाटी घेतली आणि बेबाक्कासमोर धरली.

तिला कळेना. मी वाटी हलवली. माझ्या चुलीकडे बोट केलं, सूर्याकडे बोट केलं, परत वाटी हलवली. "चंद्राक्का, राहू द्या," ती म्हणाली. मी वाटी तिच्या नाकाला लागेल इतकी पुढे केली.

बेबाक्कानं राखेतून केळी काढली. साल ओढली, बोटं भाजली, फुंकली. माझ्या पातेल्यात घालून हातानंच कुस्करली, कारण मुसळ उचलायला वेळ नव्हता. जिरं, मिरची, मीठ. सूर्य फांदीखाली आला. मी तिला हातानं भराभर खुणावत होते आणि ती "देते, देते, भाजंन ना व!" म्हणत होती.

तिनं वाटी भरली आणि मी खाल्लं. मला सावकाश, बत्तीस वेळा चावून खाताना गल्लीनं बघितलेलं. त्या दिवशी मी निखाऱ्यासारखं गरम भरीत उभ्या उभ्या, गाल फुगवून, डोळ्यांतून पाणी काढत, जीभ बाहेर काढून वारा घालत खाल्लं. मौन असल्यामुळे ओरडताही येईना. नाचावं लागलं. शेठ रस्त्यावरून येत होते, ते तिथेच थांबले आणि बहुधा त्यांना पंडितजींचे शब्द पुन्हा आठवले.

वाटी संपवून मी ती पुन्हा पुढे केली.

धुरपदाक्का मिरच्यांवरून हे सगळं बघत होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "ही बाई पानी उकळून पिते." मग जरा मोठा. "बटाटा हिच्या घरात येत नही. मुंगी मरंन म्हनून पऱ्हाटी झटकून लागते हिले. माह्या हातचा चहा ह्या बाईनं आजवर घेतला नही, म्हने भांडं कांद्याचं आहे!" आणि मग पूर्ण, टाळासकट. "आन् ही बेबीच्या हातचं चाटूनपुसून खाऊन रायली! हिले चालते, तर तुम्ही कोन लागून गेल्या व? कौतिके, गुरुवारी सोमवार कुठून आला तुह्या?"

कौतिकाबाई म्हणाली, "मोरामुळे माह्यं सगळं उलटंपालटं झालं."

कुणीतरी हसलं. मग ते थांबेना. चारुलतानं कोळसा झालेली पुरी काढून टाकली आणि दुसरी सोडली. धुरपदाक्का म्हणाली, "बेबे, मुसळ उचल. भरीत घेतल्याबिगर मी गाडीत बसनार नही."

बेबाक्का तशीच उभी होती. "तुमाले खरंच..."

"अव उचल ना! शुगर वाढून मरू दे का मले उपाशी?"

बेबाक्कानं मुसळ उचललं. पहिले दोन घाव चुकले, बडगीच्या काठावर बसले. तिसरा नीट पडला.

आणि कोंबडा आरवला. तिचा, मग शेजारचा, मग पलीकडचा, मग सगळे, आणि त्यांत एक मोर. सवयीनं सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या. पण मोकळ्या प्लॉटवर दार कुठलं लावणार? बेबाक्कानं बटव्यातून गोळी काढली, सगळ्यांसमोर. मी माझ्या तांब्यातलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. उरलेला घोट मी प्यायले, दिवसाचा शेवटचा. सूर्य गेला.

"आटोपलं?" धुरपदाक्का म्हणाली. "एवढंच असते?"

"एवढंच."

"आन् मी एवढे पेढे खाल्ले व!"

कुंदननं तिला गाडीत बसवलं. मांडीवर ताट होतं; डॉक्टरांनी ते आधी काढून घेतलं आणि मग साखर तपासली. त्यांनी तिला जे ऐकवलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. तिनं कुठली गोष्ट न सांगण्याची ती पहिलीच वेळ.

आता कोंबडा आरवला की कुणी आत जात नाही. ओट्यावरच गोळ्या निघतात. साखरेच्या, रक्तदाबाच्या, गुडघ्याच्या. कौतिकाबाईला काहीच आजार नाही, म्हणून ती ओशाळून बडीशेप खाते. बेबाक्काच्या गोळीला मान पहिला. कुणी विसरलं तर धुरपदाक्का उठवून घ्यायला लावते.

धुळ्याहून परवा पुन्हा फोन आला. उद्यापनाचं काय ठरलं?

धुरपदाक्कानं फोन बेबाक्काच्या हातात दिला. बेबाक्कानं तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "उद्यापन नसते विहीनबाई. जिता आहे तवर चालू ठेवायचं. आन् आधी आपापल्या डॉक्टरले इचारायचं."

पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. बेबाक्का ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"चंद्राक्का, त्या इचारून रायल्या, तिकडे एकीचा कोंबडाच बंद पडला, कुत्रं लावलं तर चालते का?"

मौन नव्हतं, म्हणून मी सांगून टाकलं, चालतं.